कमी खर्चाच्या चित्रपटासाठी गोष्ट कशी शोधावी

आधी गोष्ट लिहून मग तिच्यासाठी वाडा, गाडी आणि गर्दी जमवायला निघालेल्या नवख्या दिग्दर्शकाचा निम्मा उत्साह जमवाजमवीतच संपतो. म्हणून पटकथेआधी यादी करावी. कोणत्या जागा फुकट व किती वेळ मिळतील, कोणती वाहने, जनावरे आणि ओळखीची माणसे हाताशी आहेत, हे सारे कागदावर उतरवावे. रॉबर्ट रॉड्रिगेझ यांनी ‘एल मारियाची’ (१९९२) मेक्सिकोच्या सीमेवरील सिउदाद अकुन्या येथे सुमारे ७,००० डॉलरमध्ये चित्रित केला, तेव्हा उपलब्ध असलेली बस, कुत्रा आणि बार यांच्याभोवतीच त्यांनी प्रसंग रचले होते.

यादीत नुसते ‘पिठाची गिरणी’ असे लिहून भागत नाही. गिरणीत जाऊन तासभर बसावे. पट्टा सुरू झाला की माणसे एकमेकांच्या कानाशी येऊन बोलतात, पिठाचा थर उधारीच्या वहीवरही बसतो आणि त्या वहीत एखादे नाव पैसे न येताच खोडलेले असते. ते कोणी खोडले आणि का, या प्रश्नात दहा मिनिटांचा लघुपट दडलेला आहे. शिवाय कानाशी बोलण्याची सवय तुम्हाला संवादांची रीतही देऊन जाते.

यानंतर अडचणींची वेगळी यादी करावी, कारण माझ्या मते खरी कल्पकता तिथूनच येते. रॉड्रिगेझ यांच्या कॅमेऱ्याचा आवाज मोठा असल्याने संवाद वेगळे ध्वनिमुद्रित करावे लागले, आणि ओठ व शब्द जुळेनात तिथे त्यांनी संकलनात कुत्र्याचा किंवा दुसराच शॉट घातला. चित्रपटाच्या वेगवान लयीत या नाइलाजाचा मोठा वाटा आहे. यंत्रमागांच्या मालेगावात शेख नासिर यांनी ‘शोले’चे विडंबन केले, तेव्हा डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून आले. तिथे टंचाईचाच विनोद झाला.

वेळेची अडचणही अशीच वापरावी. ख्रिस्तोफर नोलन यांचा ‘फॉलोइंग’ (१९९८) कलाकारांच्या नोकऱ्या सांभाळून, मुख्यतः शनिवारी, सुमारे वर्षभर चित्रित होत होता. कॅमेऱ्यात घालायची फिल्म महाग असल्याने भरपूर तालमी करून एका-दोन टेकमध्ये प्रसंग संपवला जाई. आज मोबाइलवर टेक फुकट झाले असले, तरी मित्रांचा रविवार फुकट नसतो, त्यामुळे तालमीला पर्याय नाही.

शेवटी पटकथा यादीशेजारी ठेवून वाचावी. यादीत नसलेली प्रत्येक जागा आणि वस्तू अधोरेखित करावी, आणि तिच्यावाचून तो प्रसंग कसा घडेल हे नव्याने लिहावे. मग त्यातला सर्वांत अवघड प्रसंग निवडून तेवढाच एका दुपारी मोबाइलवर चित्रित करून पाहावा.