सर्पदंशाचा रुग्ण : पहिल्या अर्ध्या तासात काय तपासावे

उसाचे फड, भाताची खाचरे आणि पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याकडचा डोंगरी भाग यांमुळे कोल्हापुरात आपत्कालीन सेवेचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यासमोर सर्पदंशाचा रुग्ण कधी ना कधी येतोच. सोबतची माणसे साप कोणता होता हे सांगू लागतात, पण त्या चर्चेत वेळ घालवू नये. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते, त्यामुळे ते द्यायचे की नाही हे रुग्णाच्या लक्षणांवरून ठरते.

प्रथम श्वासमार्ग, श्वसन आणि रक्ताभिसरण पाहावे. अंगठ्या, जोडवी, पैंजण उतरवून हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. घरच्यांनी दोरी आवळून बांधली असेल तर ती घाईने कापू नये. आधी शिरेत सलाईनची सुई बसवून प्रतिविष आणि श्वासाला आधार देण्याची साधने हाताशी ठेवावीत.

त्यानंतर रुग्णाला वर पाहायला सांगून पापण्या जड होत आहेत का, मान उचलता येते का, गिळताना किंवा बोलताना त्रास होतो का, हे दर काही मिनिटांनी तपासावे. मण्यारीच्या बाबतीत विशेष सावध राहावे. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंशाची खूण बहुधा दिसत नाही, सूजही नसते, आणि रुग्ण पहाटे केवळ पोटदुखी व उलटीची तक्रार घेऊन येतो. उसतोडणीच्या हंगामात खोपीतून आलेल्या अशा रुग्णाला पित्ताची गोळी देऊन परत पाठवणे, ही माझ्या मते सर्वांत घातक चूक आहे.

घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. ते ओळखण्यासाठी नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत शिरेतील 2 मिलि रक्त घेऊन ती 20 मिनिटे अजिबात न हलवता ठेवावी आणि मग एकदाच कलती करावी. रक्त वाहिले तर प्रतिविष सुरू करावे. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर निरोगी माणसाचे रक्तही गोठत नाही, म्हणून शंका आल्यास सोबतच्या नातेवाइकाच्या रक्तावर तीच चाचणी करून पडताळावे. पहिला निकाल चांगला आला तरी चाचणी पुन्हा करावी लागते, कारण विषाचा परिणाम उशिरा दिसू शकतो.

विषबाधेची लक्षणे असतील तर साधारणपणे प्रतिविषाच्या 10 कुप्या सलाईनमध्ये मिसळून सुमारे तासाभरात दिल्या जातात. लहान मुलालाही मात्रा तेवढीच, कारण साप विष वयानुसार कमी सोडत नाही. त्वचेवरील पूर्वचाचणी करू नये. ॲड्रेनॅलिन, म्हणजे तीव्र ॲलर्जीवरचे औषध, मात्र सिरिंजमध्ये भरूनच ठेवावे, आणि पुरळ, खाज, दम किंवा रक्तदाब घसरणे दिसताच प्रतिविष थांबवून प्रौढास 0.5 मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत द्यावे.

ग्रामीण रुग्णालयातून छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात पाठवताना, लक्षणे दिसत असतील तर प्रतिविष आधी सुरू करावे, 108 च्या गाडीत श्वासमार्ग सांभाळू शकणारी व्यक्ती बसवावी, आणि चिठ्ठीवर दंशाची वेळ, रक्त गोठण्याच्या चाचणीचा निकाल व दिलेल्या कुप्यांची संख्या लिहावी.