जुन्या वाड्यातलं सॉकेट बदलताना
आमच्या वाड्यात अजून लाकडी पट्टीवरचं वायरिंग आहे. सॉकेट बदलताना मी मेन स्विच बंद करून फ्यूजची किटकॅट (फ्यूजची तार असलेला, ओढून काढता येणारा चिनी मातीचा तुकडा) खिशातच ठेवते, नाहीतर 'लाइट गेली वाटतं' म्हणून कुणीतरी ती परत लावतं. त्याआधी चालू पॉइंटवर टेस्टर पेटतो ना, ते बघा; म्हणजे मेन बंद केल्यावर सॉकेटवर तो पेटला नाही, तर टेस्टर बिघडलेला नाही, हे कळतं.

बोर्ड उघडलात की वायर हळूच वाकवा. रबर पापडासारखं तडकलं तर थांबा, इलेक्ट्रिशियनकडून वायरच बदलून घ्या.

समोरून उजवीकडे फेज (करंट आणणारी वायर), डावीकडे न्यूट्रल (परतीची वायर), वरच्या मोठ्या भोकाला अर्थिंग. हिरवी वायर आलीच नसेल तर न्यूट्रलमधून अर्थिंगला तुकडा मुळीच जोडू नका. न्यूट्रल तुटली की फ्रिजच्या पत्र्यात करंट उतरतो. गिझरला १६ अँपिअरचंच सॉकेट, आणि वायरही तेवढी जाड हवी.