उरलेली वाइन टिकवायची कशी

दोघांच्या जेवणात ७५० मिलिलिटरची बाटली सहसा संपत नाही, आणि उरलेल्या अर्ध्या बाटलीला बूच दाबून ती ओट्यावरच ठेवून दिली जाते. एका मे महिन्यात नाशिकच्या शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनची अशी ठेवलेली बाटली मी तिसऱ्या दिवशी ग्लासात ओतली, तेव्हा फिकट पिवळ्या रंगावर तपकिरी झाक चढली होती आणि पहिल्या दिवशीच्या पेरू-अननसाच्या जागी कापून ठेवलेल्या, लाल पडलेल्या सफरचंदाचा वास येत होता. हवेतल्या प्राणवायूमुळे मद्यार्कापासून ॲसिटाल्डिहाइड तयार होते आणि त्याचा वास नेमका असाच असतो. पुढे हवा आणि ऊब मिळत राहिली, की काही जिवाणू त्याच मद्यार्काचे ॲसिटिक आम्ल करतात आणि व्हिनेगरसारखा नाकाला झोंबणारा वास येऊ लागतो. अशी वाइन प्यायल्याने अपाय होत नसला, तरी ती पिण्यात काही मजा उरत नाही.

अर्ध्या रिकाम्या बाटलीत सुमारे ३७५ मिलिलिटर हवा असते आणि तिचा जवळजवळ एकपंचमांश भाग प्राणवायूचा असतो, म्हणून बूच कितीही घट्ट बसवले तरी बिघाड आतच कोंडलेला राहतो. यावरचा सर्वांत चांगला आणि जवळजवळ फुकटचा उपाय असा, की बाटली संपणार नाही हे ठाऊक असेल तर ती उघडल्याबरोबर, पहिला पेला भरण्याआधीच, अर्धी वाइन ३७५ मिलिलिटरच्या फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बाटलीत काढून ठेवावी. छोटी बाटली गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवलेली असावी, वाइन नरसाळ्यातून, बाटलीच्या आतल्या बाजूवरून हळू सोडावी आणि काठोकाठ भरून झाकण लावावे. रमची ‘हाफ’ची बाटली मापाने अगदी बरोबर बसते, पण तिचा वास दोनतीन धुण्यांतही जात नाही, हे मी अनुभवाने सांगतो. अशी भरलेली वाइन फ्रिजमध्ये आठवडाभर सहज चांगली राहते.

एवढे करणे जमले नाही, तर निदान बाटली लगेच बंद करून फ्रिजमध्ये ठेवावी, आणि हे तांबड्या वाइनलाही लागू आहे. शिराझ फ्रिजमध्ये ठेवायची नसते असा समज आपल्याकडे पक्का आहे. प्रत्यक्षात थंडीमुळे रासायनिक क्रिया आणि जिवाणू दोन्ही मंदावतात, आणि पिण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढली की तांबडी वाइन पुन्हा खुलते. बाटली आडवी न ठेवता उभी ठेवावी, म्हणजे हवेला भिडणारा पृष्ठभाग कमी राहतो. दाराच्या कप्प्यापेक्षा आतला कप्पा बरा, कारण दार उघडले की तिथले तापमान सारखे बदलते. बूच परत बसवताना वाइनने रंगलेले टोकच आत घालावे, बाहेरचे धुळकट टोक नव्हे. अशा रीतीने पांढरी, रोझे म्हणजे गुलाबी आणि तांबडी वाइन तीन ते पाच दिवस टिकते, तर ब्रँडी मिसळलेली पोर्ट काही आठवडे तग धरते.

हवा ओढून घेणारा हातपंप बाजारात मिळतो, पण तो सगळी हवा काढू शकत नाही, म्हणून त्याच्यावर फार भिस्त ठेवू नये. वाइनवर पसरून प्राणवायूला दूर ठेवणाऱ्या आरगॉन वायूचा फवारा अधिक भरवशाचा असला, तरी तो खर्च महागड्या बाटलीसाठीच करावा.

फेसाळ वाइनची गोष्ट वेगळी आहे. बाटलीच्या तोंडात चांदीचा चमचा अडकवल्याने बुडबुडे टिकतात ही निव्वळ कथा आहे, आणि साधे बूच दाबले तर ते आतल्या दाबाने उडून जाते. गळ्याला पकडणारे कडीचे झाकण घ्यावे, बाटली अगदी गार ठेवावी आणि दोन दिवसांत संपवावी.

एवढे करूनही कोणी प्यायला नसेल, तर वाइन बिघडण्याआधी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावी आणि मटणाच्या रश्श्यात किंवा टोमॅटोच्या सॉसमध्ये दोनतीन चौकोन टाकावेत. भरलेली बाटली मात्र फ्रीजरमध्ये ठेवू नये, कारण गोठताना वाइन फुगते आणि बूच बाहेर ढकलते किंवा काच तडकवते.