रॉडिन बसवून इव्हेंट-बीचं पहिलं मॉडेल सिद्ध करणं

फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ जाँ-रेमों आब्रिआल यांची बी पद्धत, म्हणजे प्रणाली बिनचूक आहे हे गणिताने सिद्ध करण्याची रीत, पॅरिस मेट्रोच्या १४ क्रमांकाच्या विनाचालक मार्गासाठी वापरली गेली. इव्हेंट-बी हे तिचंच पुढचं रूप, आणि रॉडिन हे त्यात मॉडेल लिहून सिद्ध करण्याचं मोफत, मुक्तस्रोत साधन. ते एक्लिप्स या प्रोग्रॅमिंगच्या साधनावर उभं आहे, त्यामुळे एक्लिप्सच्या खोडीही सोबत येतात.

सोर्सफोर्जवरून आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल उतरवा. इन्स्टॉलर नसतो, फाइल उलगडली की झालं. विंडोजवर ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ठेवू नका, कारण प्लगइन टाकताना रॉडिनला स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहावं लागतं. झिपच्या आतूनच चालवायचा मोहही टाळा. जावावरून तक्रार करून बंद पडलं, तर त्या आवृत्तीला लागणारी जावा बसवा आणि ‘रॉडिन डॉट आयएनआय’ फाइल उघडा. ‘-व्हीएम’ एका ओळीत आणि जावाचा पूर्ण पाथ पुढच्या ओळीत लिहा. या दोन्ही ओळी ‘-व्हीएमआर्ग्स’च्या वरच हव्यात, खाली गेल्या तर त्या जावाला दिलेले पर्याय समजल्या जातात आणि तुमचा पाथ वाचलाच जात नाही.

वर्कस्पेससाठी, म्हणजे मॉडेलं साठवायच्या जागेसाठी, वेगळं फोल्डर द्या. म्हणजे उद्या नवी आवृत्ती आली तरी मॉडेलं सुरक्षित राहतात.

आता प्लगइन. ‘हेल्प’मधून ‘इन्स्टॉल न्यू सॉफ्टवेअर’ उघडा, यादीतून ‘अतेलिए बी प्रूव्हर्स’ निवडा, बसवा, रॉडिन पुन्हा सुरू करा. परवान्यामुळे हे प्रूव्हर (आपोआप सिद्धता शोधणारे प्रोग्रॅम) मूळ डाउनलोडमध्ये नसतात. ते टाकले नाहीत तर अगदी किरकोळ गोष्टीही सिद्ध होत नाहीत आणि नवखा माणूस आपल्या मॉडेलमध्येच चूक शोधत बसतो. सोबत ‘प्रो-बी’ही घ्या, मॉडेल प्रत्यक्ष चालवून बघायला ते लागतंच.

पहिलं मॉडेल नावेचं करू: क्षमता ‘डी’, नावेतले प्रवासी ‘एन’. नवा इव्हेंट-बी प्रोजेक्ट काढा. त्यात एक कॉन्टेक्स्ट (न बदलणाऱ्या गोष्टींचा भाग) करा: स्थिरांक डी, अ‍ॅक्झियम (गृहीत धरलेलं विधान) डी ∈ ℕ, म्हणजे डी ही शून्य किंवा त्याहून मोठी पूर्ण संख्या. मग मशीन (बदलणाऱ्या गोष्टींचा भाग) करा आणि त्याच्या ‘सीज’मध्ये तो कॉन्टेक्स्ट जोडायला विसरू नका, नाहीतर मशीनला डी ओळखू येणार नाही. व्हेरिएबल एन, इन्व्हेरियंट (कायम खरी राहायला हवी अशी अट) पहिला एन ∈ ℕ, दुसरा एन ≤ डी. सुरुवातीला एन ≔ ०, म्हणजे एनची किंमत शून्य करा. ‘चढ’ या इव्हेंटमध्ये (घटनेत) एन ≔ एन + १, ‘उतर’मध्ये एन ≔ एन − १. चिन्हं शोधत बसू नका: कोलन टाइप केला की ∈ होतं, कोलन आणि बरोबरचं चिन्ह लागोपाठ दिलं की ≔.

सेव्ह केल्यावरच तपासणी होते आणि प्रूफ ऑब्लिगेशन, म्हणजे सिद्ध करायची विधानं, तयार होतात. यातली दोन अडकतील, आणि अडकायलाच हवीत. ‘चढ’ आणि दुसरा इन्व्हेरियंट मिळून आलेलं ऑब्लिगेशन विचारतं: एन + १ ≤ डी कशावरून? नाव भरलेली असेल तर हे खोटंच आहे. ‘उतर’चं विचारतं: एन − १ ∈ ℕ कशावरून? नाव रिकामी असेल तर? इथे प्रूव्हरची बटणं दाबत बसण्यात अर्थ नाही. ऑब्लिगेशनच्या नावातच इव्हेंट आणि इन्व्हेरियंट दोन्ही लिहिलेले असतात. ते वाचा, ‘गोल’ (सिद्ध करायचं नेमकं विधान) वाचा, आणि कोणती अट राहून गेली ते पाहा. ‘चढ’ला गार्ड, म्हणजे इव्हेंट घडण्यासाठीची अट, द्या एन < डी, ‘उतर’ला एन > ०. सेव्ह करा, दोन्ही हिरवी, म्हणजे सिद्ध, होतात. प्रूव्हर नंतर बसवले असतील तर राईट-क्लिक करून ‘रीट्राय ऑटो प्रूव्हर्स’ द्यावं लागतं.

सगळं हिरवं दिसलं म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. एखाद्या इन्व्हेरियंटमध्ये टायपिंगची चूक असेल, तर रॉडिन तो इन्व्हेरियंट बाजूला काढून उरलेलं मॉडेल तपासतं. त्याचं ऑब्लिगेशन तयारच होत नाही, मग अडकणार काय? म्हणून आधी ‘रॉडिन प्रॉब्लेम्स’ची खिडकी रिकामी करा, मगच हिरवा रंग मोजा. ‘रिव्ह्यूड’ची खूणही सिद्धता नव्हे, ती फक्त ‘मी पाहिलंय’ अशी तुमची सही आहे.

आणखी एक फट उरते. डी शून्य असेल तर दोन्ही गार्ड बंद, म्हणजे कोणताच इव्हेंट घडू शकत नाही, मॉडेल ठप्प. आणि रॉडिन हे आपणहून विचारत नाही. एन < डी ∨ एन > ० असा तिसरा इन्व्हेरियंट लिहा आणि शेजारच्या ‘नॉट थिअरम’वर क्लिक करून त्याला थिअरम (बाकीच्या अटींवरून सिद्ध व्हायला हवं असं विधान) करा. ते ऑब्लिगेशन अडकेल. कॉन्टेक्स्टमध्ये डी > ० हे अ‍ॅक्झियम घातलं की सुटेल.

विधान खरं असूनही प्रूव्हर हरला, तर ऑब्लिगेशनवर डबल-क्लिक करून प्रूव्हिंग पर्स्पेक्टिव्हमध्ये (हाताने सिद्धता करायच्या मांडणीत) जा. बहुधा लागणारं गृहीतक निवडलेलं नसतं. ‘लासो’चं बटण गोलमधल्या नावांशी संबंधित गृहीतकं ओढून आणतं; त्यानंतर अतेलिए बीच्या प्रूव्हरचं पी-० हे बटण चालवा, कारण ते निवडलेल्या गृहीतकांवरच काम करतं. सिद्ध झालं की सेव्ह करा.