उत्तर 57 आलं, तरी प्रयोग चुकला होता

उदासीनीकरणाची उष्णता, म्हणजे आम्ल आणि अल्कली मिसळल्यावर निघणारी उष्णता, काढायचं प्रॅक्टिकल लागलं असेल, तर आधी आम्ल आणि अल्कलीच्या बाटल्या कुठे ठेवल्यात ते बघा. मी बघितलं नव्हतं.

एप्रिलमधली नागपूरची दुपार. लॅबमध्ये एकच कूलर. हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली त्याच्या झोतात, सोडियम हायड्रॉक्साइडची खिडकीपाशी. मी फक्त आम्लाचं तापमान घेतलं, 36.0 अंश, आणि तेच सुरुवातीचं म्हणून वहीत लिहिलं. दोन्ही द्रावणं 1 मोलर, प्रत्येकी 50 मिली. थर्मासमध्ये ओतून हलवलं, पारा 42.9 वर गेला. वाढ 6.9. 100 ग्रॅम गुणिले 4.18 (पाण्याची विशिष्ट उष्णता) गुणिले 6.9, म्हणजे 2884 जूल. 0.05 मोलने भागले आणि 57.7 किलोजूल प्रति मोल आले. पुस्तकात 57.1. मी हरखून गेले. वही तपासणाऱ्या सरांनीही उत्तर बघून सही केली.

तोंडी परीक्षेत एक्स्टर्नलनी दोनच प्रश्न विचारले. "तुझ्या थर्मासनं काहीच उष्णता घेतली नाही का?" आणि "अल्कलीचं तापमान कुठे लिहिलंय?" माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. हात गार पडले होते, ते अजून आठवतं.

दोन दिवसांनी मी परत लॅबमध्ये जाऊन दोन्ही बाटल्यांत थर्मामीटर घातला. खिडकीतली बाटली 1.4 अंशांनी जास्त गरम होती. म्हणजे खरी सुरुवात दोघांची सरासरी, 36.7. खरी वाढ 6.2. त्यावरून उत्तर येतं 51.8. उरलेली उष्णता थर्मासच्या काचेत, थर्मामीटरमध्ये आणि ढवळणीत गेली होती. तो वाटा अंशाला 40 जूल धरला, तर द्रावणाचे 418 अधिक भांड्याचे 40, गुणिले 6.2, भागिले 0.05, आणि उत्तर 56.8. एका चुकीनं उत्तर वर ढकललं, दुसरीनं खाली ओढलं, आणि मला वाटलं आपला हात बसला.

भांड्याचा वाटा काढायला पंधरा मिनिटं लागतात. थर्मासमध्ये 50 ग्रॅम पाणी 30 अंशांवर घ्या, त्यात 50 अंशांचं 50 ग्रॅम ओता. 40 यायला हवं, पण येतं 39.1 च्या आसपास. गरम पाण्यानं गमावलेली आणि गार पाण्यानं मिळवलेली उष्णता यांतला फरक 9.1 नं भागा. झालं. हे पहिल्याच दिवशी करा. आणि दोन्ही बाटल्या अर्धा तास एकाच बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा, तरीही तापमान दोघांचं घ्या.

पोटॅशियम नायट्रेट विरघळवायचा प्रयोग असेल तर सकाळची बॅच मागा. तिथे क्षार विरघळताना पाणी गार होत जातं आणि तापलेली खोली त्याला लगेच गरम करायला लागते. उष्णता निघाली की शोषली गेली हे दाखवणाऱ्या ऋण-धन चिन्हांची भीती मात्र बाळगू नका, ती महिनाभरात अंगवळणी पडतात.

सीनियर सांगतील, "57 धर आणि उलटं गणित करून रीडिंग लिही." अजिबात करू नका. ॲसिटिक आम्लाचं उत्तर याहून कमी यायला हवं, कारण त्याचं आयनीभवन व्हायलाच थोडी उष्णता लागते. आकडे बनवणाऱ्याला तो फरक कधी दिसत नाही. माझं मत विचाराल तर उत्तराआधी रीडिंग बघणारे सर मिळाले, तर त्यांना सोडू नका, मग ते कितीही रागीट असोत.

आता मी कोळसा तपासणीच्या लॅबमध्ये आहे. नागपुरात रसायनशास्त्रवाल्यांना हे काम मिळू शकतं: वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय इथलंच, कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं जवळ. कोळशाची प्रत उष्मांकावर, म्हणजे जाळल्यावर किती उष्णता निघते त्यावर ठरते, एकेक पायरी किलोला 300 किलोकॅलरींची. 4300 च्या वर असेल तर जी-10, खाली आला की जी-11, आणि भाव बदलतो. इथे उष्णता बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये, म्हणजे पाण्यात बुडवलेल्या बंद पोलादी भांड्यात नमुना जाळून मोजतात, आणि त्याचाही स्वतःचा वाटा आधी काढावाच लागतो. त्यासाठी बेंझोइक आम्लाची गोळी जाळतात. ग्रॅमला 26.4 किलोजूल, हा आकडा पक्का माहीत असतो. दोन लिटर पाणी जेमतेम अडीच अंशांनी तापतं, म्हणून वाचन अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत.

तोंडी परीक्षेत मला 20 पैकी 11 मिळाले. नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न आला, "गोळी कशासाठी जाळतात?" तेव्हा मी थर्मासची गोष्ट सांगायला सुरुवात केली.