अहिंसेचे व्रत गीतेच्या आधारे कसे घ्यावे: चळवळीचे नेतृत्व करणाऱ्यांसाठी

केवळ धोरण म्हणून स्वीकारलेली अहिंसा बहुधा पहिल्या लाठीमारातच डळमळते; ती टिकायची असेल तर नेत्याच्या मनात व्रत म्हणून रुजलेली असावी लागते. धर्मग्रंथ हे काम कसे करू शकतो, हे गांधीजींच्या गीताभ्यासात फार स्पष्ट दिसते आणि पुढील सूचना त्याच अभ्यासावरून केलेल्या आहेत.

आरंभी अडचण प्रामाणिकपणे मान्य करावी. गीता रणांगणावर सांगितली गेली आणि ती ऐकून अर्जुन लढायला उभा राहिला, हे झाकून वाचन करू नये. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतेवर लिहिताना, आततायी, म्हणजे जीव घ्यायला आलेला हल्लेखोर, समोर आल्यास अहिंसेला अपवाद असतो, अशी मांडणी केली. गीता अहिंसा सिद्ध करण्यासाठी लिहिली गेली नाही, हे खुद्द गांधीजींनीही मान्य केले होते. मात्र चाळीस वर्षे गीतेप्रमाणे जगण्याचा प्रयत्न केल्यानंतर, अहिंसेच्या पूर्ण पालनावाचून पूर्ण फलत्याग, म्हणजे कर्माच्या फळाची आसक्ती सोडणे, शक्य नाही, असा अनुभव त्यांनी नोंदवला. माझ्या मते येथेच खरी किल्ली आहे, कारण हा निष्कर्ष शब्दांच्या व्युत्पत्तीतून निघालेला नसून आचरणातून आलेला आहे आणि म्हणून तो ज्याचा त्याने आचरणातूनच पडताळायचा आहे.

यासाठी निवडक श्लोक मुखोद्गत करावेत. जोहान्सबर्गमध्ये वकिलीच्या धबडग्यात असताना गांधीजी सकाळी दात घासण्याची पंधरा मिनिटे या कामी लावत. समोरच्या भिंतीवर श्लोकांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत आणि अशा रीतीने त्यांनी तेरा अध्याय पाठ केले. एवढे झेपत नसेल तर दुसऱ्या अध्यायातील ५४ ते ७२ हे स्थितप्रज्ञाच्या, म्हणजे बुद्धी स्थिर झालेल्या माणसाच्या, लक्षणांचे श्लोक घ्यावेत, जे गांधीजींच्या आश्रमाच्या सायंप्रार्थनेत रोज म्हटले जात. संस्कृत अवघड वाटणाऱ्यांसाठी विनोबांची गीताई, म्हणजे गीतेचा मराठी पद्यानुवाद, आहेच.

पाठ झालेला श्लोक स्वतःवर लावून पाहावा. दुसऱ्या अध्यायातील ६२ व ६३ हे श्लोक विषयाच्या चिंतनापासून आसक्ती, कामना, क्रोध, संमोह आणि स्मृतिभ्रंश या पायऱ्यांनी बुद्धिनाशापर्यंतची घसरण दाखवतात. नेत्याच्या बाबतीत हा विषय पुष्कळदा धनाचा नसतो, तर विजयाचा असतो, आणि विजय हातचा जातो आहे असे वाटू लागले की प्रतिपक्षाविषयीचा राग न्याय्य भासू लागतो. सतराव्या अध्यायात अहिंसा हे शरीराचे तप म्हटले आहे आणि त्यालगतच्याच श्लोकात उद्वेग न आणणारे, सत्य, प्रिय व हितकर बोलणे हे वाणीचे तप सांगितले आहे. सभेला जाण्यापूर्वी आपल्या भाषणाचा मसुदा या श्लोकाशेजारी ठेवून वाचावा आणि टाळ्या मिळवून देणारे पण माणसांना चिथावणारे वाक्य निर्दयपणे खोडावे.

किंमत मोजण्याची सवय मात्र लहान गोष्टीपासून लावावी लागते. अपरिग्रह, म्हणजे संग्रह न करणे, हा शब्द मनावर घेतल्यावर गांधीजींनी आपली दहा हजार रुपयांची विमा पॉलिसी बंद होऊ दिली. पुढे ४ फेब्रुवारी १९२२ रोजी चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटवून पोलिसांना ठार केले, तेव्हा देशभर पेटलेले असहकार आंदोलन त्यांनी मागे घेतले. १२ फेब्रुवारीला बार्डोलीत तसा ठराव झाला आणि मोतीलाल नेहरू, लाला लजपतराय यांच्यासारखे तुरुंगातील सहकारी संतापले. फलत्यागाचा याहून कठीण प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर येत नाही. असा निर्णय ऐनवेळी सुचत नाही, म्हणून कोणती घटना घडल्यास आंदोलन थांबवायचे हे पहिल्या मोर्चापूर्वीच सहकाऱ्यांसमवेत बसून लिहून ठेवावे आणि तशी वेळ आलीच तर प्रायश्चित्त अनुयायांवर लादण्याआधी स्वतः घ्यावे, जसा त्या वेळी गांधीजींनी पाच दिवसांचा उपवास केला.