मेस-डब्याचं ॲप काढताय? कस्टमरशी बोलताना या चुका टाळा

पुण्यात कॉलेजच्या ई-सेलने, म्हणजे उद्योजकतेच्या क्लबने, बिझनेस आयडिया मागवल्या की एक टीम तरी मेस आणि डब्याचं ॲप घेऊन येतेच. आयडिया वाईट नाहीये, सदाशिव पेठ, कर्वेनगर, आकुर्डी कुठेही जा, बाहेरगावची पोरं आणि त्यांच्या जेवणाचे हाल आहेतच. लोचा होतो तो "आम्ही लोकांशी बोललो, जवळपास सगळे हो म्हणाले" या स्लाइडवर.

कारण प्रश्नच असा असतो की नाही म्हणताच येत नाही. "स्वस्तात घरगुती जेवण ॲपवर मिळालं तर वापरशील का?" आता याला नाही कोण म्हणणार, आणि विचारणारा रूममेट असेल तर विषयच संपला. त्यापेक्षा जे घडून गेलंय ते विचारा. काल रात्री कुठे जेवलास? शेवटची मेस का सोडलीस? रविवारी संध्याकाळी मेस बंद असते तेव्हा काय करतोस? गेल्या महिन्यात खाडे किती झाले, आणि त्याचे पैसे कापून मिळाले का? हा शेवटचा प्रश्न विचारून बघाच, तोपर्यंत "ठीके, चालतंय" करणारा पोरगा एकदम सरसावून बोलायला लागतो. बऱ्याच ठिकाणी सलग काही दिवस जाणार नसाल आणि आधी सांगितलं असेल तरच खाडा धरतात, एखाद-दुसऱ्या दिवसाचा नाही, त्यामुळे शनिवार-रविवार गावी पळणाऱ्याचे पैसे दर आठवड्याला बुडतात. म्हणजे त्याचं दुखणं चव नाहीच, खाडा आहे, आणि तुम्ही तिकडे व्हेज-नॉनव्हेजचे फिल्टर डिझाइन करत बसलाय.

गुगल फॉर्ममध्ये हे कधीच सापडत नाही. फॉर्ममधले ऑप्शन तुम्हीच टाकलेले, किंमत, चव, स्वच्छता, मग उत्तरंही तीच येणार. फॉर्म नंतर टाका, आधी दहा-बारा जणांशी समोर बसून बोला.

आणि बोलायला बसल्या बसल्या फिग्मावर (ॲपचं डिझाइन करायचं टूल) काढलेले स्क्रीन दाखवू नका हो! एकदा स्क्रीन दिसला की सगळी चर्चा रंग आणि बटणांवर जाते. दोघंच जा, एक बोलेल, एक लिहील. चौघांचा घोळका बघून माणूस बिचकतो. रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा.

आता ज्या चुकीने ही आयडिया खरंच बुडते ती. मेसवाल्या काकूंकडे कोणी जातच नाही, आणि गेले तरी दुपारी एक वाजता, ऐन पंगतीच्या वेळी. साडेतीन-चारला जा, शक्यतो तिथे जेवून मग. "काकू, तुमचे पेन पॉइंट काय?" असलं काही नको. सकाळी कणीक किती मळायची ते कसं ठरवता, उरलेल्या भाजीचं काय करता, ॲडव्हान्स किती जण वेळेवर देतात, दिवाळीच्या सुट्टीत पोरं गेली की कसं भागवता, असं विचारा. मग कळतं की पोराला जो खाडा हवाय तोच काकूंना नकोय, कारण त्याने रात्री आठला "आज येत नाही" म्हटलं तोपर्यंत त्याच्या वाटणीचा भात शिजलेला असतो. एका बटणावर खाडा देणारं ॲप पोरांना आवडेल आणि काकू ते पहिल्या आठवड्यात काढून टाकतील. माझ्या मते खरा प्रश्न इथेच आहे, किती तास आधी सांगितलं तर दोघांना परवडेल? हे दोन्हीकडे विचारल्याशिवाय एक ओळ कोड लिहू नका.

पैसे बऱ्याचदा लातूर-नांदेडहून वडील पाठवतात हेही राहून जातं. एक-दोन पालकांना फोन करा, त्यांची काळजी वेगळीच असते.

"आम्हाला कॉम्पिटिशन नाही" हे तर म्हणूच नका. काकूंची वही, व्हॉट्सॲपवरचा मेनू आणि जीपे, ही कॉम्पिटिशनच आहे, आणि फुकट आहे. स्विगीनेही 2019 मध्ये स्विगी डेली नावाने डब्यांचं सबस्क्रिप्शन सुरू केलं होतं, ते काय होतं ते वाचून घ्या.

गाडी अडली तर काय? दहा जणांची दहा टोकाची उत्तरं येत असतील तर तुम्ही एमपीएससीवाले, फर्स्ट इयरची पोरं आणि आयटीत नोकरी करणारे एकत्र कालवलेत, एकच गट धरा. कोणी वेळच देत नसेल तर अभ्यासिकेबाहेरच्या चहाच्या टपरीवर ब्रेकच्या वेळी उभे राहा, फक्त परीक्षा तोंडावर असलेल्याला छळू नका. सगळेच "मस्त आयडिया" म्हणत असतील तर काहीतरी मागा, पुढच्या महिन्याचे थोडे पैसे ॲडव्हान्स, नाहीतर निदान त्यांच्या काकूंशी ओळख करून द्यायला सांगा. "बघू, कळवतो" आलं की वहीत सरळ नाही लिहा आणि पुढच्याकडे जा.